शिवेवरचा वाघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं लहानपण धुळ्यात, लाकडाच्या वखारीत गेलं. अब्बा आरायंत्रावर कामाला होते. शाळा सुटली की मी दप्तरासकट वखारीत जायचो आणि भुशाच्या ढिगावर बसून त्यांचं काम संपायची वाट पाहायचो. ओंडका कापला की आत काय निघेल ते अब्बा आधीच सांगायचे. बोटाच्या पेराने ओंडक्यावर टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "हा आतून पोकळ आहे," किंवा "याचा गाभा सोन्यासारखा निघेल." क्वचितच चुकायचे.

त्या ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर जंगल खात्याचा शिक्का असायचा, हातोड्याने ठोकलेला. तो शिक्का असला की माल कायदेशीर. नसला की चोरीचा. पुढे बी.ए. झालो, नोकरी मिळेना, म्हणून त्याच वखारीत पावत्या लिहायला लागलो. माझ्या पहिल्या कविता मी त्या पावतीपुस्तकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिल्या. पुढच्या बाजूला घनफूट आणि रुपये, मागच्या बाजूला कविता. सागाचं झाड म्हणजे माझ्या लेखी लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी एवढंच होतं. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते माझा हा हिशेब कसा बिघडला त्याबद्दल.

१९९२ साली दिवाळीच्या तोंडावर माझा एक वर्गमित्र मला त्याच्या गावी घेऊन गेला. गाव साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, डांगच्या सरहद्दीकडे. धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, आणि तिथून पुढे डोंगर जवळ येत जातात. खानदेश म्हटलं की लोकांना कापूस, केळी आणि ऊन आठवतं. पण त्या कोपऱ्यात खानदेश ओला आहे, हिरवा आहे. तिथे कोकणा आहेत, भिल्ल आहेत, मावची आहेत. माझा मित्र कोकणा. एस.टी.तून उतरून आम्ही पायवाटेने निघालो. गाव दिसायला लागण्याच्या आधी, एका जुन्या झाडाखाली, मला तो दिसला.

सागाचा एक खांब. माझ्या छातीला लागेल एवढा उंच. जमिनीत पुरलेला, किंचित कललेला. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, घंटा नाही. शेंदराचे थर बसून त्याचा मूळ रंग गेला होता. जवळ गेलो तेव्हा शेंदराखालून आकार दिसायला लागले. सगळ्यात वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. त्यांच्याखाली वाघ, शेपूट पाठीवर वळवलेला. त्याच्याखाली नाग. आणि अगदी तळाशी, गवताने अर्धा झाकलेला, एक माणूस. बोटभर उंचीचा. त्याच्या शेजारी एक जनावर, बहुतेक गाय.

श्रोतेहो, मी मुसलमान घरातला मुलगा. आमच्या घरात मूर्ती नव्हती. लाकडावरची नक्षी मी पाहिलेली होती, पण ती वेलींची, पानांची, जाळीची. लाकडात कोरलेलं तोंड, डोळे असलेलं लाकूड इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होतो. मी हात जोडले नाहीत आणि माझ्या मित्रालाही त्याचं काही वाटलं नाही. पण माझे पाय मात्र थांबले. कारण अब्बांच्या वखारीत ज्याचे मी घनफूट मोजत होतो तेच हे लाकूड होतं, आणि इथे कोणी त्याला मोजलेलं नव्हतं.

"हा आमचा वाघदेव," मित्र म्हणाला.

वाघदेव किंवा वाघोबा हा काही एकट्या धुळे जिल्ह्याचा नव्हे. डांगमध्ये तो आहे, नाशिकच्या पेठ-सुरगाण्यात आहे, पालघर-ठाण्याच्या वारल्यांमध्ये आहे, थेट मुंबईच्या आरे वसाहतीतल्या पाड्यांवरही आहे. कुठे दगडाचा, कुठे लाकडाचा. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणतो, गाय-वासराची पूजा करतो. डोंगरातली माणसं त्याच दिवसाला वाघबारस म्हणतात. म्हणजे एकाच तिथीला सपाटीवर गाईची पूजा आणि डोंगरात वाघाची. गाय ज्याच्या तोंडची, त्यालाही त्या दिवशी नारळ, तांदूळ, कोंबडं मिळतं. अकोले-इगतपुरीच्या भागात तर गुराखी पोरं स्वतःच वाघ, अस्वल, कोल्हा होतात, आणि बाकीची पोरं त्यांना शिवेबाहेर पिटाळतात.

मी पोहोचलो तो दिवस वाघबारशीच्या आदल्या दिवसाचा होता. मित्राच्या आजोबांना मी संध्याकाळी विचारलं, "बाबा, तो खांब कोणी कोरला?" ते म्हणाले, त्यांच्या काकाने. हा काका काही सुतार नव्हता. नागली-भात पिकवणारा शेतकरी. वाकस, पटाशी आणि हातोडी एवढीच त्याची हत्यारं. लाकूड कुठून आणायचं, झाड कसं निवडायचं, ते तोडण्याआधी काय म्हणायचं, हे गावाने मिळून ठरवलेलं. कोरून झालं की भगताने पूजा करायची आणि मग गावच्या शिवेवर खांब उभा करायचा.

"आणि याच्यावर छप्पर का नाही?" मी विचारलं. "पावसात लाकूड कुजेल. वाळवी लागेल."

"लागू दे," आजोबा म्हणाले. कुजला की गाव दुसरा कोरतं. जुन्याला कोणी उपटून फेकत नाही, नव्याशेजारी तो तसाच उभा असतो. हळूहळू वाकतो, मग आडवा होतो, मग माती होतो. दुसऱ्या दिवशी उजेडात मी पुन्हा जाऊन पाहिलं. खरंच, त्या खांबाच्या मागे गवतात आणखी एक खांब होता, कमरेएवढाच उरलेला. त्याच्यावरचा वाघ ओळखू येत नव्हता, सूर्य मात्र अजून दिसत होता. आणि त्याच्याही मागे एक नुसता खुंट. तीन पिढ्या एका ओळीत उभ्या होत्या.

आता माझी चूक सांगतो. तो मधला, अर्धा कुजलेला खांब मला हवासा वाटला. मनात आलं, इथे तर हा वाळवीच्या तोंडी जाणार. धुळ्याला नेला, तेल-पॉलिश केलं, तर शंभर वर्षं टिकेल. कविता वाचायला मित्र येतील, कोपऱ्यात हा उभा असेल. मी शहाणपणाने आजोबांना म्हणालो, "बाबा, तो जुना मला द्या. मी पैसे देतो."

आजोबा घरात कोकणी बोलायचे, माझ्याशी अहिराणी. ते रागावले नाहीत. माझ्याकडे लहान पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "भाई, याले घर लागत नही. याले शीव लागस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हाऊ आठून उठना ते वाघ कोठे थांबी?"

हा इथून उठला तर वाघ कुठे थांबेल?

या एका वाक्याने मला तो खांब वाचता आला. मी त्याला मूर्ती समजत होतो, कलावस्तू समजत होतो. आजोबांच्या लेखी तो शिवेचा खुंटा होता. इकडे गाव, तिकडे जंगल. वाघाने इथवर यावं, माणसानेही इथवरच आपलं म्हणावं. दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द लाकडावर कोरून ठेवलेला. म्हणून तर त्याच्यावर दोघेही आहेत, वाघही आणि माणूसही. वरचे सूर्य-चंद्र साक्षीदार. जुन्या दानपत्रांच्या शिळांवरही सूर्य-चंद्र कोरलेले असतात, ते असतील तोवर हा शब्द पाळायचा, अशा अर्थाने. आणि माणसाची उंची पाहा. त्याने स्वतःला बोटभर ठेवलं आहे. कोरणारा माणूसच होता, हत्यार त्याच्याच हातात होतं, स्वतःला कितीही मोठं करता आलं असतं.

यात वाघावरचं प्रेम वगैरे शोधू नये. यात भीती आहे. रात्री गोठ्यातलं वासरू जातं तेव्हा काय वाटतं ते ज्याचं गेलं त्यालाच ठाऊक. आपल्या जळगाव जिल्ह्यात २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बिबट्याने माणसं मारली, बायका-मुलं मारली. शेतात जायला लोक घाबरत होते. डिसेंबरात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. तेव्हा डोंगरातल्या माणसाला वाघाचं कौतुक आहे म्हणून तो वाघ कोरतो, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. तो कोरतो कारण वाघ शेजारी आहे आणि शेजारी बदलता येत नाही. भीती असतानाही शेजार कसा निभावायचा, याची ती रीत आहे.

ही रीत नुसती समजूत नाही, याचा अभ्यासही झाला आहे. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे, पालघर भागात वारल्यांची वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. त्यांचा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकसान होऊनही तिथली माणसं बिबट्यांसोबत राहतात, त्यात या वाघोबाशी असलेल्या देण्याघेण्याचा वाटा आहे, असं त्यात मांडलं आहे.

आता याच खानदेशातला दुसरा एक हिशेब सांगतो. १८२५ साली इंग्रजांनी भिल्लांची पलटण उभी केली, खानदेश भिल कोअर. तिचं ठाणं धरणगाव, आणि ती उभारणारा अधिकारी जेम्स औट्रम. त्याने डोंगरातल्या भिल्लांचा विश्वास मिळवला तो त्यांच्याबरोबर शिकार करून. त्याच्या चरित्रात शिकारीचा तपशील दिलेला आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रमच्या हजेरीत मारले गेलेले वाघ १९१. अस्वलं २५. बिबटे १५. रानरेडे १२. सगळं नीट मोजून लिहून ठेवलेलं.

१९१ वाघ! खानदेशात एवढे वाघ होते यावर आज विश्वास बसत नाही. एका माणसाने वाघ मोजले आणि ते संपत गेले. डोंगरातल्या माणसाने वाघ मोजला नाही, एकच कोरला आणि शिवेवर उभा केला. मी मोजणाऱ्यांच्या बाजूचा होतो, हे मला त्या दिवशी गवतात उभं राहून कळलं. माझ्या पावतीपुस्तकातले घनफूट आणि औट्रमची यादी यांची जात एकच.

लाकडातून माणसाचं आणि निसर्गाचं नातं सांगणारे आपल्या आसपास आणखीही आहेत. सातपुड्यात पूर्वेकडे गेलो की मेळघाटात कोरकू लागतात. त्यांच्याकडे माणूस गेला की पुढे सिडोलीचा विधी करतात आणि त्याच्या नावाने लाकडाचा कोरीव मुंडा उभा करतात. त्यावरही सूर्य-चंद्र असतात, घोडेस्वार असतात. तिथे गेलेला माणूस लाकडाच्या रूपाने झाडाखाली परत येतो. आणि आपल्या पश्चिमेच्या डोंगरात भोवाड्याचे मुखवटे आहेत. हलक्या लाकडाचे, रंगवलेले. रात्रभर संबळ वाजतो आणि तोच शेतकरी कधी देव होतो, कधी राक्षस, कधी जनावर. पहाटे मुखवटा उतरवून तो शेतावर जातो. तोंड बदललं की आपणही दुसरं काही असू शकतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

पण मी परत त्या गावाकडे येतो, कारण गोष्ट तिथे संपली नव्हती.

आजोबांनी मला सांगितलं की पुढचा खांबही वाकायला लागला आहे, नवा करायला हवा, पण लाकूड मिळत नाही. मी चकित झालो. चारी बाजूंना जंगल, आणि लाकूड मिळत नाही? मग त्यांनी समजावलं. साग तोडला की गुन्हा. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलं झाली, १९२७ च्या कायद्याने ती चौकट पक्की झाली. तोपर्यंत शीव वाघदेवाने ठरवायची. मग ती सरकारी दगडांनी ठरवायला सुरुवात झाली. जंगल सरकारचं, झाड सरकारचं, आणि त्या झाडातून निघणारा देवही मग सरकारला विचारूनच काढायचा.

मी पटकन म्हणालो, "बाबा, मी वखारीत आहे. चांगला सागाचा तुकडा देतो. शिक्क्याचा, पावतीसकट. कोणी अडवणार नाही."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पावतीना देव?" ते म्हणाले. घरातल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यांच्या हसण्यात मीही सामील झालो, पण परतीच्या एस.टी.त ते हसू माझ्या घशाशी आलं. त्या डोंगरातला साग ट्रकने धुळ्याला येत होता. मी त्याच्या पावत्या फाडत होतो. पैसे मोजणाऱ्या कोणालाही तो मिळत होता, दारांना, पलंगांना, टीपॉयला. ज्याच्या दारात ते झाड वाढलं होतं त्यालाच फक्त तो मिळत नव्हता, एका हातभर वाघासाठीसुद्धा.

घरी आल्यावर मी हे अब्बांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, हे आपल्यात बसत नाही, तू त्यात पडू नकोस. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, "लाकूड कोणत्या बाजूने कोरलं होतं? बुंधा खाली होता की वर?" मी म्हणालो, "खाली." अब्बा म्हणाले, "मग कारागीर जाणता होता. झाड जसं उभं होतं तसंच त्याने उभं ठेवलं." पन्नास वर्षं लाकूड कापलेल्या माणसाने एका न पाहिलेल्या शेतकऱ्याला दिलेली ती दाद होती.

पुढच्या वर्षी मित्राने येऊन सांगितलं की नवा वाघदेव बसला. आजोबांनी तोडगा काढला होता. त्यांच्या जुन्या घराची एक बाजू पावसात खचली होती. तिचा सागाचा खांब त्यांनी काढला, त्यांच्या आज्याच्या काळातला, त्याच जंगलातला, आणि त्यातून वाघ कोरून घेतला. देवाला घर लागत नाही म्हणणाऱ्या माणसाने घराचा खांब देवाला दिला.

त्यानंतर बरंच काही बदललं. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. जंगलावरचा हक्क सांगताना कोणकोणते पुरावे चालतील याची तिथे यादी आहे. तिच्यात विहिरी आहेत, दफनभूमी आहेत आणि पवित्र स्थळं आहेत. म्हणजे गाव इथे जुनं आहे हे सांगायला वाघदेवाची जागाही साक्ष देऊ शकते. जो खांब कोरायला झाड मिळत नव्हतं, तोच खांब झाडांवरच्या हक्काचा पुरावा! पण गंमत अशी की आपल्या कचेऱ्यांना पुरावा टिकाऊ लागतो, आणि हा देव तर कुजण्यासाठीच उभा केलेला. म्हणून काही ठिकाणी आता सिमेंटचे ओटे दिसतात, फरशा दिसतात, ऑइलपेंटने रंगवलेले वाघ दिसतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला जमीन वाचवायची आहे तो सिमेंट वापरणारच. फक्त एवढं वाटतं की सिमेंटचा वाघ एकदा बसवला की पुन्हा कोणाला कोरावा लागत नाही. लाकडाचा वाघ दर पिढीला कोरावा लागत होता. म्हणजे दर पिढीला एकदा तरी झाड निवडायला जंगलात जावं लागत होतं, आणि त्यासाठी जंगलात निवडण्याजोगं झाड असावं लागत होतं. कुजणं ही त्या देवाची उणीव नव्हती. तेवढ्यासाठीच तो लाकडाचा होता.

याच साक्री तालुक्यात बारीपाडा हे गाव आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं उजाड झालेलं शेकडो हेक्टर जंगल स्वतः नियम घालून, स्वतः राखण करून परत उभं केलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा साऱ्या खानदेशाला आनंद झाला. शीव गावाने ठरवली आणि पाळली की काय होतं, ते पाहायला परदेशातून लोक तिथे येतात. धुळ्याहून आपल्याला फार लांब नाही.

आणि जळगावकडेही वाघ पूर्ण गेलेला नाही. मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या जंगलात तो आहे, त्या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणतात. यावलचं अभयारण्य १९६९ पासून आहे. त्या सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी राहतात. भिल्ल आणि मुसलमान, दोन्ही. मला कोणी विचारतं, तू मुसलमान असून वाघदेवावर का बोलतोस? मी म्हणतो, जंगलाने ज्या गोष्टी एकत्र वाढवल्या त्या मी कशाला वेगळ्या करू?

श्रोतेहो, आजोबा आता नाहीत. अब्बाही नाहीत, आणि वखारही नाही. मागच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या गावी जाऊन आलो. घराच्या खांबातून कोरलेला तो वाघदेव उभा आहे. शेंदराखाली एका बाजूला अजून खाच दिसते, पूर्वी जिथे तुळई बसत होती ती. त्याच्या मागे ज्याच्यासाठी मी पैसे देऊ केले होते, तो खांब आता नाही. तिथे माती थोडी उंच आहे आणि गवत दाट आहे.

मी वाकून पाहिलं. नव्या खांबाच्या बुंध्याशी वाळवी चढायला लागली आहे. गावातल्या एका तरुणाला मी ते दाखवलं. तो म्हणाला, "हो दादा, बघितलंय. पुढच्या वाघबारशीला बैठक आहे."